झटका म्हणजे नेमकं काय

बाई ‘शॉक’ म्हणत नसत. त्यांच्या मते शॉक हा पाहुणा शब्द. टेबल, पेन, स्टेशन हे आता घरचे झाले, त्यांची नावं रेशनकार्डावर घालायला हरकत नाही. शॉक मात्र अजून दारात चपला काढतोय. आणि ‘करंट’? तो तर रस्त्यावरचाच. त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. म्हणून आपल्या अंगात अधूनमधून जे काही होई, त्याला बाई म्हणत ‘झटका’. या एका शब्दापायी त्यांची राहत्या घरातून उचलबांगडी व्हायची वेळ आली होती.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे एकसष्ट वर्षांची. आज सत्तरी ओलांडल्यावर ती एकसष्टची मी मला पोरसवदाच वाटते. नुकतीच निवृत्त झालेली, हातात नवा स्मार्टफोन, आणि सूर्याखालच्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत. मत नसेल तर संध्याकाळपर्यंत तयार करायची. मुलुंडला आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही दोघं दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहायला आलो. त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे या बाई. शेजारी-शेजारी दोन घरं त्यांची. एकात त्या एकट्या, दुसऱ्यात आम्ही.

शाळेत जन्मभर मराठी शिकवून, मुख्याध्यापिका होऊन बाई निवृत्त झाल्या होत्या. घरातसुद्धा इस्त्रीची सुती साडी. वर्ग सुटला होता, पण गुण देणं सुटलं नव्हतं. समोरचा माणूस बोलला की दहापैकी किती, ते लगेच जाहीर. पहिल्याच दिवशी मी त्यांचं दार वाजवून म्हटलं, “बाई, किचनचा टॅप लीक होतोय.”

“दोन,” बाई म्हणाल्या. “ते ‘होतोय’साठी.”

मागून आमचे हे आले. “मोरीतला नळ गळतोय, बाई.”

“नऊ.”

त्या नऊ गुणांवर ह्यांनी पुढची सगळी वर्षं मला घरात जगू दिलं नाही.

दूधवाला भय्या मराठीत ‘उद्या येतो’ म्हणायला शिकला तेव्हा त्याला सहा मिळाले. रिक्षावाल्याला ‘सरळ घ्या’ म्हणताना बाई असं म्हणत, की तो बिचारा पाठ ताठ करून बसे. त्यांच्या विद्यार्थिनी, आता पन्नाशीच्या, रस्त्यात भेटल्या की आपोआप मान वर करून उभ्या राहत. ‘मान खाली घालून बोलायचं नाही’ हे बाईंचं वर्गातलं पहिलं वाक्य असे म्हणे.

आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. तिथून मला एक आवाज ऐकू येई. “अगो बाय माझे...” आणि पुढे काहीतरी पुटपुटणं. आवाज बाईचाच, पण आमच्या बाईंचा शक्यच नाही. हा मोकळा, खणखणीत मालवणी आवाज होता. बाई मूळच्या मालवणकडच्या, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडून मालवणीचा एक शब्द कोणी ऐकला नव्हता. माझं ठाम मत तयार झालं, की बाईंनी गावची कुणी अडाणी बहीण घरात आणून ठेवलीय आणि तिच्या बोलण्याची लाज वाटते म्हणून तिला बाहेर काढत नाहीत. शोध घ्यायला मी आमटीची वाटी घेऊन गेले.

“पाहुणे आलेत का, बाई?”

“नाही.”

“मग ते मालवणी कोण बोलतं?”

“दूरचित्रवाणी,” बाई म्हणाल्या. त्यांचा टीव्ही भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला होता आणि कापडावर फुलदाणी होती.

गणपतीत इमारतीच्या आरतीला बाई आल्या. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. बाई ताठ उभ्या, हात जोडलेले, हनुवटी वर, नजर थेट गणपतीच्या डोळ्यांत. “देवाचीपण हजेरी घेतायत बघ,” माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं. मला राहवेना. जिन्यात गाठून विचारलं, “बाई, देवापुढे मान तरी वाकवायची ना?”

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. “मला झटका येतो,” त्या हळूच म्हणाल्या.

आता आमच्या मुंबईत एखाद्याला झटका येतो म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. डोक्यात काहीतरी येतं आणि माणूस तिरपागडा वागतो. मी आपली समजूतदारपणे म्हणाले, “ते माहितीये हो सगळ्यांना.”

बाईंनी मला शून्य दिलं. शून्य मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी नीट सांगितलं. मानेपासून सुरू होतं, पाठीतून खाली सरकतं, पायाच्या अंगठ्यातून निघून जातं. वीज गेल्यासारखं. क्षणभर. मग जणू काही झालंच नाही. मुंग्या नव्हेत, झिणझिण्या नव्हेत, उसण तर नव्हेच. देवाला नमस्कार करताना येतो. विळीवर बसलं की येतो. चपलेचा पट्टा लावताना येतो.

“बाबूला यातलं काही कळता कामा नये,” त्या म्हणाल्या.

बाबू म्हणजे त्यांचा मुलगा. पवईला तलावाच्या बाजूच्या एका उंच इमारतीत राहायचा आणि दर रविवारी यायचा. यजमान गेल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, ‘आई, इथलं आटप आणि माझ्याकडे चल.’ बाई एकदा तिथे राहून आल्या होत्या. त्या घराच्या खिडक्या उघडत नाहीत, ही त्यांची तक्रार. रागाच्या भरात त्यांनीच मुलाला शब्द दिला होता, ‘डोकं ताळ्यावर आहे तोवर मी मुलुंडला. गेलं की खुशाल ने.’

“तेव्हापासून तो दर रविवारी माझ्या डोक्याकडे बघत बसतो,” बाई म्हणाल्या. “मी चष्मा शोधायला लागले तरी बघतो.”

झालं. मला कामच मिळालं. मी त्या तीन जागांवर रात्रंदिवस विचार केला. देवघर, विळी, चपलेचा पट्टा. देव पितळेचे, विळी लोखंडाची, पट्ट्याला बक्कल. धातू. मी जाऊन बाईंना सांगितलं, की तुमच्या अंगाचं अर्थिंग बिघडलंय. त्यांच्याकडून रबरी सपाता घालून घेतल्या, लाकडी डाव आणले, स्वतः टेस्टर घेऊन त्यांच्या फ्रीजला, कपाटाला, शेवटी बाळकृष्णाला लावून बघितला. दिवा कुठेच लागला नाही. मग एक दिवस मांडीवर वर्तमानपत्र ठेवून वाचताना बाईंना झटका आला. त्यात कुठला आलाय धातू? मी पुरवणी उलटीपालटी केली, तिला मध्ये एक बारीक पिन होती. मला इतका आनंद झाला की विचारू नका. पुढच्या आठवड्यात माझं मत बदललं आणि समोरच्या गच्चीवरचा मोबाईलचा टॉवर गुन्हेगार ठरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नायलॉनचे परकर. या चारही जागी बाईंची मान खाली वाकलेली असायची, हे त्या एकसष्टच्या विदुषीच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

डॉक्टरांकडे बाईंना मीच घेऊन जायची. पहिल्या डॉक्टरांना बाई म्हणाल्या, “मला झटका येतो.” पुढचं ऐकायच्या आत डॉक्टरांनी आडवं करून कार्डिओग्राम काढला. “हार्ट झकास आहे, आजी,” ते म्हणाले. बाईंनी त्यांना चार दिले. ‘आजी’ म्हटल्याबद्दल एक कापला होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी झटका म्हणजे फिट धरली. “तोंडाला फेस येतो? दातखीळ बसते? शुद्ध जाते?”

“जात नाही,” बाई म्हणाल्या.

मला वाटलं, बाई नीट सांगत नाहीत. “सारखे येतात हो, डॉक्टर,” मी पुस्ती जोडली. “नमस्कार करतानासुद्धा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि बाईंच्या डोक्याला वायरी लावून आलेख काढला. त्यात काही निघालं नाही. मग ते फार मऊ आवाजात म्हणाले, “एकट्या राहता ना? करमत नाही का?” आणि झोपेची गोळी लिहून दिली.

आम्ही जिना उतरायला लागलो. मी मुद्दाम म्हटलं, “बाई, टोटल वेस्ट ऑफ टाइम.” एरवी यावर मला जागच्या जागी वर्गाबाहेर काढलं असतं. त्या दिवशी त्यांनी कुणालाच गुण दिले नाहीत.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर देवापुढे निरांजन लावून बाई स्टुलावर बसल्या होत्या. ताठ.

“तुम्हाला सगळं माहीत असतं,” त्या म्हणाल्या. “एक सांगा. विळीवर येतो, चपलेशी येतो, ते शरीराचं असेल. पण नमस्कार करताना का यावा?”

मी दुसरं स्टूल ओढून बसले.

“हे गेल्यापासून मी गावच्या देवाला गेले नाही. बोलवत होते सगळे, मीच गेले नाही. त्याला माझा नमस्कार नकोच असेल, तर?”

इतकी हुशार बाई, आणि देवाने हाकललेल्या माणसासारखी बसली होती. माझ्या हातात फोन होता. मी खरंच त्यात शोधून बघितलं. फोनने मला मिक्सरची जाहिरात दाखवली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे मत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “बाई, देवाला राग आला असेल तर तो असा मुक्याने कशाला सांगेल? तुमच्यापुढे गुण जातील याची भीती वाटत असेल त्याला.”

बाईंच्या तोंडाची एक बाजू हलली. “सात,” त्या म्हणाल्या. मला आजवर मिळालेले सगळ्यात जास्त गुण ते.

आणि मग तो बांगड्याचा दिवस उजाडला. सकाळी बाई विळीवर बांगडे साफ करत होत्या. मान खाली, आणि जोरदार झटका आला. नेमका तेव्हाच बाबूचा फोन. “आई, आवाज असा का येतोय?” मुलाशी खोटं बोलणं बाईंच्या नियमात बसत नव्हतं. “काही नाही रे, झटका आला,” त्या म्हणाल्या, आणि माशाने बुळबुळीत झालेल्या हातातून फोन निसटून पातेल्यातल्या पाण्यात पडला, तो बंदच झाला. बाईंनी तो पुसून फडताळावर ठेवला आणि तवा तापत टाकला.

तासाभरात जिन्यात धावपळ. मी दार उघडून बघते तर दोन माणसं स्ट्रेचर घेऊन बाईंच्या दारात, आणि दारात बाई, हातात उलथनं.

“कोण आजारी आहे?” बाईंनी चौकशी केली.

“तुम्हीच ना, आजी? तुम्हाला अटॅक आलाय ना?”

मागून बाबू आला. जिने चढून धाप लागलेली, चेहरा पांढराफटक. आईला उभी बघून तो पायरीवरच बसला.

“आई, तू फोनवर काय म्हणालीस?”

“झटका आला म्हणाले.”

“झटका म्हणजे हार्ट अटॅकच ना गं?”

“झटका म्हणजे झटका,” बाई म्हणाल्या. “शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखायचा, हे तुला चौथीत शिकवलंय.”

तो इतका घाबरलेला दिसला, की मला त्याची दया आली. धीर द्यायला मी पुढे झाले. “अरे, तसा नाही रे तो. बाईंना नेहमीच येतो.”

“नेहमीच?” बाबू माझ्याकडे वळला. “काकू, नेहमीच म्हणजे?”

बाईंनी डोळे मिटून घेतले. आतून बांगडे करपल्याचा वास आला.

स्ट्रेचर परत गेलं. बाबूने सगळं वदवून घेतलं. नमस्कार, विळी, रबरी सपाता, बाळकृष्णाला लावलेला टेस्टर. टेस्टर माझा होता हे मी सांगायच्या आत त्याने कपाळाला हात लावला. “बास आता, आई. सामान बांध.”

“एक डॉक्टर अजून,” बाई म्हणाल्या. इतक्या लहान आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “मग तू म्हणशील तसं.”

“शेवटचा,” बाबू म्हणाला.

घाटकोपरला नसांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही तिघं गेलो. बाईंनी लग्नकार्यात नेसायची साडी नेसली होती, परीक्षेला जावं तशी. दारावर पाटी होती, चपला बाहेर काढा. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय होतंय?”

“झटका येतो,” बाई म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, संपलं. आणि तसंच झालं. फेस, दातखीळ, शुद्ध. बाई ‘नाही, नाही, नाही’ म्हणत राहिल्या. हातोडीने गुडघे ठोकून झाले, जुने रिपोर्ट चाळून झाले. बाबू भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होता. “रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरात काही टेन्शन?”

“आता नाही राहणार,” बाबू म्हणाला. “माझ्याकडेच येतायत.”

बाई उठल्या. बाहेर येऊन चपलेचा पट्टा लावायला वाकल्या. दार अजून उघडंच होतं.

“अगो बाय माझे! मेलो करंट बसलो गो माका!”

बाहेर बसलेले सगळे पेशंट वळून बघायला लागले. मी तर भिंतीलाच टेकले. हाच तो आवाज. भिंतीपलीकडची मालवणी बाई ही, लग्नातली साडी नेसून माझ्यासमोर उभी होती.

आतून डॉक्टरीणबाई खुर्ची सरकवून बाहेर आल्या. “काय म्हणालात? करंट?”

बाईंचे कान लाल झाले होते. “काही नाही.”

“आत्ता काय करत होतात तुम्ही?”

“पट्टा लावत होते.”

“बसा इथे. वाकू नका, फक्त मान खाली करा. हनुवटी छातीला लावा.”

“नको.”

“एकदाच.”

बाईंनी मान खाली केली आणि पुन्हा ताडकन वर. “गेलो,” त्या म्हणाल्या. “पाठीतसून सरळ आंगठ्याक गेलो मेलो.”

“मग हे आधी का नाही सांगितलं? करंट म्हणून?”

“तो शब्द मी वापरत नाही,” बाई म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मान खाली केली की करंट पाठीतून खाली जातो, असं काही माणसांना होतं. मानेच्या मणक्यात कुठेतरी दाब असेल, नाहीतर बी-ट्वेल्व्ह कमी असेल, नाहीतर आणखी काही. तपासून बघू.

“मी मासे खाते,” बाई म्हणाल्या.

“वय झालं की पोट शोषून घेत नाही कधीकधी.”

बाबूने घसा खाकरला. “म्हणजे डोक्याचं...”

“डोक्याचं काय? मला मान बघायचीय.”

बाईंनी मुलाकडे बघितलं. सावकाश. एवढ्या पेशंटांच्या देखत. “आयकलंस मां, बाबू? मान. डोकां न्हय.”

तपासण्यांतून काय निघालं म्हणाल, तर सगळंच थोडं थोडं. मणका जरा झिजलेला, बी-ट्वेल्व्ह जरा कमी. इंजेक्शनं झाली, मानेचे व्यायाम झाले. बाबू आईला गावच्या देवाला घेऊन गेला. सुतार बोलावून देवघर वर उचलून घेतलं, बाईंच्या तोंडासमोर येईल इतकं. करंट कमी होत गेला. पार गेला नाही, पण कमी झाला. कशाने? बाबू म्हणायचा इंजेक्शनने, हे म्हणायचे व्यायामाने. मी आपली परकर सुती झाले म्हणून, असं एकदा म्हणून बघितलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “काय माहीत? आता आम्ही समोरासमोर बोलतो, एवढंच.” म्हणजे त्या आणि देव.

पवईचं नाव मग निघालं नाही. बाई शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या, खिडक्या उघड्या टाकून. आणि भिंतीपलीकडची ती बाई हळूहळू माझ्याशी बोलायला लागली. दुपारी चहाच्या वेळी ‘ये गो’ म्हणून हाक यायची. गुण चालूच होते, पण ते मराठीला. मालवणीला बाई गुण देत नसत. घरातल्या माणसाला कोण गुण देतं, म्हणायच्या. आमची नवी इमारत उभी राहिली, आम्ही निघालो, मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर वरून आवाज आला, “हळू गो. मान सांभाळ.”

हे सगळं आज आठवायचं कारण, परवा मी मांडीवर परात घेऊन मेथी निवडत होते. मान खाली. आणि मानेतून काहीतरी निघालं, पाठीतून सरसरत गेलं, अंगठ्यातून बाहेर. मी घाटावरची, माझ्या आधीच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र बघितलेला नाही, पण माझ्या तोंडून मोठ्याने आलं, “अगो बाय माझे! मेला करंट बसला गो मला!”

सून आतून म्हणाली, “काय झालं, आई? झटका आला का?”

तिला कुठला झटका म्हणायचा होता कोण जाणे. तिच्या मते मला अधूनमधून येतच असतो. मी परात बाजूला ठेवून बसले. खरंच करंट होता, की इतकी वर्षं चारचौघांत बाईंची नक्कल करत आले ती अंगात भिनली? मान, बी-ट्वेल्व्ह, की मेथीच्या जुडीची तार? खरं सांगते, मला मत नाही. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय.

“झटका नव्हे,” मी सुनेला म्हटलं. “करंट.”

शब्द बरोबर होता. पण बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “मेला नव्हे गो. मेलो. मेलो करंट बसलो. परत बोल बघू.” आणि गुण दिले नसते.